सतरा नंबरचा पितळी बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. मी हरवलो आहे हे घरात कळलं, त्या वेळी मी घरापासून वीस पावलांवर होतो. मित्रांनो, हरवलेल्या वस्तूला शोधणारी माणसं दिसत नाहीत असं कोणी सांगितलं तर ते खरं मानू नका. मला सगळं दिसत होतं आणि सगळं ऐकू येत होतं.

साल एकोणीसशे सत्तावन्न. दसरा होऊन चार दिवस झाले होते. चंपत माळ्याने सकाळीच घरातली पत्र्याची पेटी अंगणात आणली आणि उलटी केली. दोन लुगडी, एक फणी, सुयांची पुडी आणि साबणाची न फोडलेली वडी एवढं बाहेर पडलं. मी पडलो नाही. मग चंपतने कोनाडे चाचपले. त्याची थोरली बहीण रुखमाबाई हिने उतरंड खाली घेतली आणि एकेका मडक्यात हात घालून पाहिला. कणगीतली ज्वारी उपसली. चुलीतली राख तेवढी राहिली होती, शेवटी तीही चाळणीने चाळली. राखेत एक जळका बिब्बा आणि दोन खिळे मिळाले.

कमरेवर हात ठेवून रुखमाबाईने विचारलं, "दिसतो कसा थो बिल्ला, ते तरी सांगशीन का?"

चंपतने राखेचे हात झटकले. मग म्हणाला, "गोल असन. म्या कधी पाह्यलाच नाई, अक्का."

आणि मी तर गोठ्यात होतो. त्याच्याच चांद्या बैलाच्या गळ्यात, कातडी पट्ट्याला, घंटीच्या शेजारी लटकत होतो.

हे कसं झालं ते सांगतो. पण आधी मी कोण, ते तुम्हांला कळायला हवं.

शेलूबाजारात हुकुमचंदशेठचं किराण्याचं दुकान आहे. गूळ, मीठ, सुया, कंदील, दोर, ढेप, सगळं तिथे मिळतं. सन पन्नासच्या दिवाळीआधी शेठने वाशीमच्या एका कासाराकडे फुटकी पितळी परात दिली आणि तिचे चोवीस बिल्ले करून घेतले. कासाराने आम्हांला कापलं, घासलं, वर भोक पाडलं आणि प्रत्येकावर ठोकून आकडा घातला. माझ्यावर सतरा आला. सातचा ठोका जरा तिरपा बसला, कारण त्याच वेळी कासाराला शिंक आली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझ्या भावांपेक्षा मी लवकर ओळखू येतो.

शेठची रीत अशी होती. ज्या घरावर त्याचा भरवसा, त्या घराला एक बिल्ला. बिल्ला घेऊन जो कोणी येईल, त्याला चाळीस रुपयांपर्यंतचा माल रोख न घेता द्यायचा. पैसे महिन्याच्या आत आणून द्यायचे. दर दिवाळीला नव्या वहीची पूजा होते, तेव्हा बिल्ल्यामागे एक रुपया आणि एक नारळ ठेवायचा. आणि एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत जो बिल्ला एकदाही दुकानात आला नाही, त्याचं पान बंद. बिल्ला हरवला तर ताबडतोब कळवायचं. तोपर्यंत जो माल जाईल तो त्या घराच्या माथी.

चंपतच्या घरी मला पंचफुला घेऊन आली. पंचफुला ही चंपतची बायको. दोघांचा गावाबाहेर भाजीचा मळा होता. वांगी, मिरच्या, कांदे आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. पिकवायचं दोघांनी आणि बाजाराला टोपलं न्यायचं तिने. तिचा भाव एक असायचा. आणि टोपल्याच्या तळाशी किडकं वांगं नसायचं. हे शेठने दोन वर्षं पाहिलं होतं, म्हणून त्याने मला तिच्या हातावर ठेवलं.

चंपतला मी पहिल्या दिवसापासून आवडलो नाही. आपल्याला लागतं ते आपण रोखीने घेतो, मग ही गळ्यातली घंटी कशाला, असं त्याचं म्हणणं होतं. बिल्ला वापरायचा नाही तर ठेवायचा कशाला, आणि ठेवायचा म्हणून दर वर्षी रुपया कशाला द्यायचा. त्याचं बोलणं चूक नव्हतं. माझा नऊ नंबरचा भाऊ दर आठवड्याला दुकानात जायचा आणि घासून घासून आरशासारखा चमकायचा. मी मात्र पेटीत पडून हिरवट झालो होतो.

पंचफुला मला वर्षातून एकदाच बाहेर काढायची, दिवाळीच्या आधी. पान बंद होऊ नये म्हणून दुकानात जायची आणि काहीतरी लहानसं घ्यायची. एका वर्षी सुयांची पुडी. एका वर्षी फणी. एका वर्षी साबणाची वडी आणली, ती कोणी वापरली नाही, कारण एवढा वास अंगाला लावून वांगी तोडायची कशी. पुढच्या बाजारी ती पैसे देऊन मोकळी व्हायची आणि मी परत पेटीत जायचो.

दर वर्षी यावरून घरात भांडण व्हायचं. ते भांडण मला फार आवडायचं. त्याची मी वर्षभर वाट पाहायचो.

चंपत म्हणायचा, "जे लागत नाई थे विकत घेतं. कायले? तर जे वापरत नाई थे ठेवाले. असा कारभार म्या कुठी पाह्यला नाई."

पंचफुला चुलीपुढून न वळता म्हणायची, "अन् तुमी डोक्याले पागोटं बांधता थे कायले? वापरता का तुमी डोकं?"

मग चंपत हसू दाबत बाहेर जायचा आणि पागोटं नीट करायचा.

तुम्ही विचाराल, मग तुझा काही उपयोग झाला की नाही? झाला. एकदाच झाला. त्रेपन्नच्या चैत्रात उन्हं अशी तापली होती की विहिरीचं पाणी तळाला गेलं. दुपारी मोट वर येता येता नाडा तुटला. नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर. मोट खाली गेली आणि चांद्या पुढे तोंडावर पडता पडता वाचला. मळ्यात मिरच्या फुलावर होत्या. बाजाराला पाच दिवस होते, घरात रोख दीड रुपया होता. पाच दिवस पाणी नाही म्हणजे मिरच्या नाहीत.

पंचफुलाने पेटी उघडली, मला मुठीत घेतलं आणि उन्हातच निघाली. कोसभर वाट. तिच्या मुठीत मी एवढा गरम झालो होतो की आता वितळतो असं वाटलं. शेठने मला पाहिलं आणि एक शब्द न विचारता नऊ रुपयांचा नवा नाडा काढून दिला. तिन्हीसांजेला मोटेतलं पाणी पाटात पडलं. चंपतने काही कबूल केलं नाही. पाटाच्या कडेला बसून तो फक्त म्हणाला, "दोर चांगला हाये."

पंचफुला म्हणाली, "दोर कोनी आनला थे म्हना."  पण त्या दिवाळीला पानाचा रुपया त्याने स्वतः काढून दिला.

असं माझं बरं चाललं होतं. मग यंदाच्या आषाढात पंचफुलाला हिवताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. त्याबद्दल मी जास्त सांगू शकत नाही, कारण मी पेटीत होतो. बाहेर रडणं ऐकू आलं, मग माणसांचं येणं-जाणं, मग बरेच दिवस काहीच नाही. रिठदहून रुखमाबाई भावाला दोन घास करून घालायला आली, ती राहिलीच.

श्रावणात पोळा आला. बैल सजवायचं काम दर वर्षी पंचफुलाचं असायचं. झूल, घुंगरं, रंगीत दोरे असं सगळं ती त्याच पेटीत ठेवायची, आणि मीही तिथेच. यंदा चंपतने पेटी उघडली. कोणतं काय, कुठे बांधतात, हे त्याला कधी बघावंच लागलं नव्हतं. रुखमाबाईने विचारलं, मी येऊ का. तो नको म्हणाला. जे पितळेचं दिसलं ते त्याने उचललं. त्यात मीही आलो. चांद्याच्या गळ्यातल्या रोजच्या पट्ट्यात त्याने मला घंटीशेजारी ओवून घट्ट गाठ मारली. त्याचे डोळे भरलेले होते, म्हणून त्याला आकडा दिसला नाही. आणि दिसला असता तरी त्याला वाचता कुठे येत होतं.

पोळ्यानंतर झूल उतरली, घुंगरं उतरली आणि गोठ्यातल्या खुंटीवर गेली. घंटीचा पट्टा रोजचा, तो राहिला. त्यात मी राहिलो.

मित्रांनो, खरं सांगतो, ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मजेचे होते. सात वर्षं पेटीत काढल्यावर मी उजेडात आलो होतो. सकाळी मोटेवर जायचो, दुपारी पांदणीच्या वाटेने चरायला. चांद्याने मान हलवली की मी घंटीवर आपटायचो आणि टण् असा आवाज व्हायचा. चिखल, शेण, गेरू सगळं अंगावर बसलं. मी बिल्ला आहे हे मलाच कधीकधी आठवत नसे.

तर अशी ती दसऱ्यानंतरची सकाळ. चंपत मला शोधत होता तो शेठला परत देण्यासाठी. दिवाळी जवळ आली होती. आता बाजार करणारी राहिली नाही, सुया आणायला कोण जाणार, एकदाचं पान बंद करून टाकू, असं त्याने ठरवलं होतं. रुखमाबाईला हे पटलं नव्हतं. तिचं म्हणणं असं की नड काही सांगून येत नाही आणि एकदा दिलेला बिल्ला शेठ परत देणार नाही. दोघांची दोन दिवस घासाघीस चालली होती. आता बिल्लाच नाही म्हटल्यावर ठेवायचा की द्यायचा हा वादच संपला. दुसरीच काळजी लागली.

रुखमाबाई म्हणाली, आजच जाऊन शेठला सांग. कोणाच्या हाती लागला आणि त्याने चाळीस रुपयांचा माल उचलला तर?

चंपत म्हणाला, "पैशाचं नाई वं अक्का. चाळीस रुपये मी फेडीन. पन लोक म्हनतीन, पंचफुलानं सात वर्सं सांभाळला अन् यानं तीन महिन्यांत हरपला. तिचा शब्द होता थो."

त्या लाजेपायी तो आठ दिवस गेला नाही. पेटी तीन वेळा उलटी झाली. मळ्यातला पाटसुद्धा त्याने पायाने चाचपून पाहिला. मोट हाकताना तो चांद्याच्या मागेच उभा असायचा आणि मी टण् टण् वाजून सांगत होतो. बैलाच्या गळ्यातलं वाजणं कोण मनावर घेतं?

शेवटी बाजाराचा दिवस आला. शेजारच्या तांड्यावरचा बाबूसिंग हा चंपतचा जुना सोबती. त्याचा एक बैल लंगडत होता, म्हणून त्याने बाजारापुरता चांद्या मागितला. चंपत म्हणाला, मलाही यायचं आहे. अशी आमची गाडी निघाली. गाडीत मागे चंपत, पुढे बाबूसिंग, जुवाला चांद्या आणि चांद्याच्या गळ्यात मी.

कोसभर चंपत एकच गोष्ट सांगत होता. शेठला काय म्हणू, कसं म्हणू. बाबूसिंगने ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "चंपतभाऊ, शेठ काही खाऊन राह्यला का तुले? सांग ना सीधं. हरपला म्हन. मी दोन म्हशी हरपवल्या, अजून जित्ता हावो."

"म्हशी तुह्या होत्या," चंपत म्हणाला.

बाबूसिंगने बैल जोरात हाकले.

शेठच्या दुकानासमोर गाडी सोडली. बाबूसिंग मिरच्यांची पोती उतरवायला गेला. चंपत ओट्यावर चढला आणि खांबाला धरून उभा राहिला. दुकानात गिऱ्हाइकं होती. शेठ नव्या पैशांचा हिशेब एका म्हातारीला समजावून सांगत होता. रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर कसे झाले, आणि वरचे छत्तीस कोणी घातले, हे तिला काही केल्या पटत नव्हतं. चंपतला तेवढाच वेळ मिळाला.

ओट्याखाली सरकीच्या ढेपेची, म्हणजे पेंडीची, थप्पी लावलेली होती. चांद्याला ढेपेचा वास आला. बाबूसिंगने बांधलेली गाठ ढिली होती की काय, चांद्या चार पावलं पुढे आला आणि त्याने थप्पीत तोंड घातलं. एक अख्खी ढेप मोडली आणि तो शांतपणे खाऊ लागला. मी त्याच्या हनुवटीखाली हलत होतो.

शेठ ओरडत बाहेर आला, हातात मापाची काठी. ती त्याने उगारली आणि तशीच वर धरून थांबला. मग वाकला. धोतराच्या सोग्याने त्याने माझ्यावरचा चिखल पुसला आणि तो तिरपा सात पाहिला.

शेठ सावकाश उठला. "चंपत," तो म्हणाला, "बिल्ला घेऊन जो येईल त्याला माल द्यायचा, ही माझीच रीत. तुझा बैल बिल्ला घेऊन आला. माल घेतला आणि खाल्ला पण."

चंपत ओट्यावरून खाली आला. चांद्याच्या गळ्याशी वाकून त्याने मला अंगठ्याने चाचपलं. सात वर्षांत त्याचा हात मला कळून-सवरून पहिल्यांदाच लागला होता. मग त्याला पोळ्याची गाठ आठवली असावी. तो आधी खाली बसला आणि मग हसू लागला. असा हसला की पोतं टाकून बाबूसिंग धावत आला, याला काय झालं म्हणून. पंचफुला गेल्यापासून तो हसलेला कोणी पाहिला नव्हता. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि परत हसला. म्हातारीने नव्या पैशांचा नाद सोडला आणि तीही हसू लागली, तिला काहीच माहीत नव्हतं तरी.

शेठने वही काढली, पान सतरा उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "ढेप एक. हस्ते चांद्या बैल."

चंपत म्हणाला, "वरचं वाचा ना, शेठ. माल काय काय गेला थे."

शेठने वाचलं. सुया पुडी एक, हस्ते पंचफुला. फणी एक, हस्ते पंचफुला. नाडा एक, हस्ते पंचफुला. साबण वडी एक, हस्ते पंचफुला. मग खडीसाखर, मग कंदिलाची काच. शेवटची नोंद मागच्या दिवाळीची होती. तंबाखू अर्धा पाव, हस्ते पंचफुला.

"तंबाखू तर म्याच खाल्ली," चंपत म्हणाला. "म्हनून मांगच्या साली भांडन झालं नाई."

शेठने वही तशीच उघडी ठेवली. यंदाची ढेप जमा धरली तर पान चालू राहतं, त्याने सांगितलं. ठेवायचा असेल तर दिवाळीला रुपया आण, द्यायचा असेल तर आत्ता गाठ सोड, मी खाली रेघ मारतो. शेठला दोन्ही सारखंच होतं.

चंपतने पानाकडे पाहिलं. त्याला वाचता येत नाही, पण रेघ कुठे मारली जाईल ते त्याला दिसत होतं. तंबाखूच्या आणि ढेपेच्या खाली.

"रेघ नोका मारू," तो म्हणाला. "राहू द्या. मी येत जाईन सालातून एकडाव."

शेठने मान हलवली. मग टाक दौतीत बुडवून म्हणाला, "पण मग एक काम आहे. हे पान तुझ्या नावाचं नाही. सन पन्नासला तू म्हणालास, माझं नाव कोणाच्या वहीत नको. म्हणून तिने स्वतःचं नाव सांगितलं. वर पंचफुलाबाई लिहिलं आहे. आता तिथे तुझं घालावं लागेल."

चंपतने शेठच्या हातातला टाक पाहिला.  मग म्हणाला, "आज नोका. पुढच्या खेपेले पाहू." शेठने टाक ठेवून दिला.

मित्रांनो, क्वचित लागणारी वस्तू टाकून द्यायची की ठेवायची, हे मी तुम्हांला काय सांगणार. मी स्वतःच तशी वस्तू आहे, मी माझ्या बाजूनेच बोलेन. पण ठेवायची ठरवलीत तर एवढं करा. तिला वर्षातून एकदा उजेड दाखवा. ती कुठे आहे हे घरात दोघांना तरी माहीत असू द्या. आणि ती सांभाळणारं माणूस घरात असेल तोवर एकदा तरी ती वस्तू स्वतःच्या हातात घेऊन बघा.

आता मी दिव्याच्या कोनाड्यात खिळ्याला टांगलेला असतो. रुखमाबाई मला चिंचेने घासते. चांद्याच्या गळ्यात नुसती घंटी आहे. दिवाळीला चंपतने रुपया आणि नारळ नेऊन दिला, नव्या वहीची पूजा झाली आणि शेठने जुनी पानं नव्या वहीत उतरवून घेतली. पान सतरावर अजून पंचफुलाबाईचंच नाव आहे. ते बदलायचं राहिलं आहे.